चारचा भोंगा

"झोप कधीपासून येत नाही?" डॉक्टर किल्लेदार बाईंनी मालनला विचारलं.

"बारशापासून," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मी ह्यांना विचारलं."

"अहो, हिचंच सांगतोय. माघात आमच्या नातीचं बारसं झालं, तेव्हापासून हिच्या डोळ्याला डोळा नाही. सांगलीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्यानं ही दिवसा पेंगायला लागली आणि रात्री पुन्हा टक्क जागी. रक्त तपासलं, डोकं तपासलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, एवढा नॉर्मल तर मीसुद्धा नाही."

बाई हसल्या नाहीत. पुन्हा मालनकडं वळून त्यांनी विचारलं, "जेवण?"

"अर्धी भाकरी," मी म्हणालो.

"गुडघे दुखतात?"

"उजवा जास्त."

"तोंडाला चव असते?"

ह्यावर मालननं तोंड उघडलं. तेवढ्यात मी म्हणालो, "कसली चव!" आणि तिनं ते मिटलं. "बघा," मी म्हणालो, "बोलायचासुद्धा कंटाळा."

कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी, फणसाच्या झाडांत हे निसर्गोपचार केंद्र होतं. कौलारू खोल्या, सारवलेलं अंगण, आणि भिंतीभिंतीवर दुधी भोपळ्याच्या रसाचं माहात्म्य. माझा ह्या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. पण आमच्या मुलानं, दिवाकरनं, कुठंतरी ऐकलं होतं की किल्लेदार बाई नुसता रोग बघत नाहीत, माणूस सगळा बघतात. मी म्हटलं, बघू दे की. मीही बघून घेतो बाईंना. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. नोकरीभर दोनच गोष्टी सोडल्या, पाणी आणि पुड्या. पाण्याचं माप खात्यात आहे. पुड्यांचं कुणी ठेवलेलं नाही.

"बारशाला काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. पाळणा झाला, जेवणं झाली, आणि मग पाहुण्यांनी धरलं, अण्णा, भोंग्याची गोष्ट सांगा. मी सांगितली. संपलं."

"कसली गोष्ट?"

आता हे मला कुणी विचारावं आणि मी गप्प बसावं, असं कधी झालेलं नाही. मी खुर्ची पुढं ओढली.

"तेव्हा आम्ही कालव्यावरच्या चौकीत राहायचो. दिवे दिसतील एवढ्या टप्प्यात माणूस नाही. कार्तिक महिना, साखर कारखाना सुरू झालेला. पहाटे हिला कळा सुरू झाल्या. खात्याची जीप, ड्रायव्हर बाबालाल मुलाणी. धुकं असं, की बाबालालनं बिडी पेटवली तर धूर कुठला आणि धुकं कुठलं ते त्यालाच कळेना. तशात जीपचे दिवे गेले. मग काय, मी पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन बॉनेटवर उभा! थोडं पुढं जातो तर उसाच्या बैलगाड्या. पार कारखान्याच्या फाटकापर्यंत रांग. आणि गाडीवान सगळे घोरत पडलेले. उठवायचं कुणाला? मी उतरलो, शेवटच्या गाडीच्या बैलाच्या कानात सांगितलं, 'बाबा रे, घरात बाळ येतंय.' त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पुढच्या बैलाला हंबरून सांगितलं. त्यानं त्याच्या पुढच्याला. निरोप गेला तसतशी एकेक गाडी कडेला. गाडीवान झोपलेलेच!"

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

"जीप पुलावर आली आणि बाळ जन्मलं. आणि काय रडलं म्हणून सांगू! कारखान्यात आवाज गेला. लोकांना वाटलं, चारचा भोंगा झाला. अख्ख्या पाळीनं फावडी टाकली आणि घर गाठलं. चेअरमननं गाड्या पाठवून माणसं परत आणली. त्या दिवशीची साखर अजून भरून निघालेली नाही!"

बाई हसल्या, चष्मा काढून डोळे पुसावे लागले एवढ्या हसल्या. मालनही हसली. ती नेहमीच हसते. बैलाच्या कानाशी आलो की पदर तोंडाला लावते, पाळी सुटली की मान हलवते. इतकी वर्षं साथ केल्यावर सम चुकत नाही.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग दिवाकर उठला, पोरीला हातावर घेऊन. म्हणाला, 'तो मीच बरं का! मी रडलो तेव्हा पाळी सुटली होती. हो की नाही गं आई?' ही म्हणाली, 'हो.' टाळ्या पडल्या. एवढंच झालं बारशाला."

बाईंचं हसू संपलं होतं. त्या मालनच्या हातांकडं बघत होत्या. मालन पदराचं टोक गुंडाळून बोटाएवढं करत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"अण्णा, घरात बोलतं कोण?"

"दोघंही," मी म्हणालो.

ह्या वेळी मालन खुदकन हसली. माझ्या एवढ्या मोठ्या गोष्टीला ती जे हसली होती, त्याहून हे हसू वेगळं होतं. मला ते तेव्हा नुसतं खटकलं.

बाईंनी दौत-टाक घेतल्यासारखं गंभीरपणानं सांगायला सुरुवात केली. मालनला सकाळी पोटावर आणि डोळ्यांवर मातीची पट्टी, पायांना शेक, संध्याकाळी फिरणं, उकडलेल्या भाज्या, चहा बंद.

"आणि तुम्हाला मौन."

"मला? अहो, आजारी ही आहे!"

"एकाच घरात राहता ना? मी पोट बघते, झोप बघते, तसं घरात कोण बोलतं आणि कोण ऐकतं तेही बघते. हे सगळं एकच असतं. इथं आहात तोवर मौन."

"बाई, मी मरेन."

"मौनानं मेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. बोलून मेलेले पाहिलेत."

आणि त्यांनी खणातून एक लाकडी पाटी काढून माझ्या गळ्यात घातली. तीवर 'मौन' असं लिहिलं होतं, शाळेतल्या पोराला शिक्षा म्हणून लिहावं तशा मोठ्या अक्षरांत.

पहिले काही दिवस माझे फार हालात गेले. सकाळी फणसाच्या झाडामागं जाऊन मी त्याला एक लहानशी गोष्ट सांगून आलो. झाडानं दाद दिली नाही. जेवणघरात कराडचे एक कापडवाले समोर बसायचे. त्यांना मी नुसत्या हातांनी, कालव्यातल्या मगरीनं माझं घड्याळ गिळून सहा महिन्यांनी चालू स्थितीत परत कसं आणून दिलं, ते सांगितलं. मगर पाण्यातून घड्याळ पुढं करते तिथं कापडवाल्यांना ठसका लागला आणि दुधीचा रस त्यांच्या नाकातून आला. बाई येऊन उभ्या राहिल्या. "अण्णा, हातसुद्धा मौनात ठेवा," म्हणाल्या, आणि माझं ताट दुसऱ्या टोकाला नेलं.

मालनची मात्र वेगळीच पंचाईत झाली होती. ती बोलायला लागली की मध्येच थांबायची. "आज भाजीत काहीतरी..." आणि माझ्या तोंडाकडं बघायची. "तो दिवाकर फोनवर जरा..." आणि पुन्हा तसंच. पहिल्यांदा मला कळेना. मग लक्षात आलं. तिच्या वाक्याचा शेवट इतकी वर्षं मी करत आलो होतो. ती अर्धं वाक्य टाकायची आणि मी माझ्या मनाला येईल तसं ते पुरं करायचो. आता ते अर्धं वाक्य दोघांच्या मध्ये तसंच पडून राहायचं.

मग एकदा फिरायला गेलो असता ती म्हणाली, "आज भाजीत काहीतरी..." थांबली. वाट बघितली. आणि स्वतःच म्हणाली, "मेथीचे दाणे होते. मला आवडले."

तिला मेथीचे दाणे आवडतात हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी मेथीचे दाणे वर्ज्य होते, कारण मला कडू लागतात.

त्यानंतर ती रोज थोडंथोडं बोलायला लागली. कधी पायवाटेवर, कधी शेक घेताना. पण झोप नव्हतीच. पहाटे मला जाग यायची तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली असायची.

आणि मग ती मातीच्या पट्टीची सकाळ.

पडवीत शेजारी शेजारी दोन बाजा टाकलेल्या होत्या; मौनाच्या जोडीला पट्टीही माझ्या वाट्याला आली होती. पारूबाई म्हणून गावातली बाई माती लावायला यायची. तिनं दोघांच्या पोटावर आणि डोळ्यांवर ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवल्या, "वाळंस्तोवर हलायचं न्हाई, मुंगी चावली तरी," असा दम दिला आणि गेली. माती थंडगार. डोळ्यांपुढं मिट्ट काळोख, आणि पावलांवर मात्र सकाळचं ऊन.

"अहो," मालन म्हणाली.

मी हुंकार दिला. हुंकाराला बंदी नव्हती.

"ते बैलांचं तुम्ही छान सांगता."

मी पुन्हा हुंकार दिला, जरा खूश होऊन.

"पण बैल आपणहून नव्हते सरकले. गाडीवान उतरले होते. त्या थंडीत जुवाला खांदा लावून एकेक गाडी कडेला घेतली त्यांनी. एक म्हातारा घसरला, त्याचा गुडघा फुटला. तसाच उठला."

माझा हुंकार द्यायचा राहिला.

"आणि तुम्ही बॉनेटवर नव्हता."

नव्हतो. जीपचे दिवेही गेले नव्हते. पेट्रोमॅक्स चौकीत खिळ्याला लटकत होती.

"पुढं बसला होता. बाबालालभाईंशी बोलत होता. सारखं. गिअरचं काहीतरी, डिझेलचं काहीतरी. मी मागं आडवी. तुमच्या मानेकडं बघत होते. म्हटलं, आता वळतील. आता वळतील." ती थांबली. मी काहीतरी म्हणेन म्हणून असेल. मग तिनंच पुरं केलं. "नाही वळला."

पारूबाई कुणाला तरी हाक मारत अंगणातून गेली.

"एक बाई मागं चढली. ऊसतोडीची. नाव विचारायचं राहिलंच बघा. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. पुलावर मोकळी झाले. तिनं उचलून बघितलं आणि म्हणाली, 'पोरगी हाय.' मग काही बोलेना. आपलं घोंगडं काढून त्यात गुंडाळायला लागली. तेवढ्यात भोंगा झाला. चारचा. मला वाटलं, रडली."

माझ्या पोटावरची माती वरखाली व्हायला लागली होती. मी ती धरून ठेवायचा प्रयत्न करत होतो.

"दवाखान्यात शुद्धीवर आले, तर तुम्ही उशाशी. मी विचारलं, 'रडली ना हो? मी ऐकलं.' तुम्ही म्हणालात, 'रडली? अगं, पाळी सुटली कारखान्याची!' मी हसले. टाके दुखले, एवढी हसले. मला तेव्हाच माहीत होतं. पण तुम्ही इतकं छान सांगितलंत. आणि तुमचं तोंड असं झालं होतं, की म्हटलं, राहू दे. ह्यांनाही धरायला काहीतरी हवं."

तिचा आवाज शांत होता. शेजारणीला आमटीची रीत सांगावी तसा.

"दिवाकर दुपारी झाला. दोन वर्षांनी, मिरजेत. ऊन होतं. काहीसुद्धा घडलं नाही तेव्हा, एवढं सरळ झालं सगळं. मग कुठल्यातरी लग्नात तुम्ही गोष्ट सांगितली आणि कुणीतरी विचारलं, 'म्हणजे तो हा दिवाकर का?' तुम्ही मान हलवली. मी दारात उभी होते. काही बोलले नाही. पोरगं खूश झालं होतं. म्हटलं, ह्यांची गोष्ट आहे, ह्यांना सांगू दे. तुम्ही सांगत होता तोवर ती गोष्टच होती." आता मात्र ती अडखळली. "बारशाला त्यानं विचारलं, हो की नाही गं आई. आणि मी हो म्हणाले. माझ्या तोंडानं. त्याच्या हातावर मुलगी होती आपल्या घरातली, आणि मी हो म्हणाले. आपल्या पहिल्या पोरीकडं ती एक पहाटच होती हो. दुसरं काही नव्हतं. तेवढीही मी देऊन टाकली."

"मालन, अगं..." मी कोपरावर उठत म्हणालो. गळ्यातली पाटी बाजेच्या कडेला आपटली.

"बोलू नका," ती म्हणाली. "आत्ता बोललात तर काहीतरी छान सांगाल."

मी पुन्हा आडवा झालो.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुठं ठेवलंत तिला?"

एवढं तान्हं मूल गेलं की त्याला अग्नी देत नाहीत, पुरतात. पुरुष जाऊन येतात, पाय धुतात, आणि बाईला कुणी जागा सांगत नाही. तिनंही विचारायचं नसतं. मालननं चाळीस वर्षं विचारलं नव्हतं.

"सांगू नका," ती म्हणाली. "न्या."

पारूबाई आली, तिनं मालनच्या डोळ्यांवरची पट्टी उचलली. मग माझी उचलली आणि हातात तोलून बघितली. "ह्ये काय वो अण्णा? आजींची खडखडीत वाळली, तुमची अजून चिखल हाय की!"

डॉक्टर बाईंकडं मालन स्वतः गेली. मी मागं उभा.

"आम्हाला एक दिवस जाऊन यायचंय," ती म्हणाली. कुठं, कशाला, काही नाही.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. "पाटी काढू का मग ह्यांची?" त्यांनी मालनला विचारलं.

"राहू दे," मालन म्हणाली.

एसटीत कंडक्टरनं ती पाटी वाचली आणि आवाज खाली घेऊन मालनला विचारलं, "आजोबा मुके आहेत का ओ?"

"नाही," ती म्हणाली. "सध्या पाणी बंद आहे."

आयुष्यभर विनोद मी केले आणि टाळ्या मी घेतल्या. हा तिनं केला, आणि मी नुसती तिकिटं घेतली.

फाट्यावर उतरलो आणि कालव्याच्या भरावावरून चालायला लागलो. चौकीचं छप्पर गेलं होतं, भिंती उभ्या होत्या. कालव्याला आता सिमेंटचं अस्तर. आमच्या वेळी भरावावर करंजाची झाडं होती, ती सगळी तोडलेली. दोन्ही बाजूंना ऊस थेट काठापर्यंत आलेला. पोटकालव्याच्या लोखंडी दारापाशी आम्ही थांबलो. पलीकडं, बऱ्याच अंतरावर, तो पूल दिसत होता.

मालननं माझ्या गळ्यातली पाटी काढली आणि पिशवीत ठेवली.

"आता बोला. कुठं?"

दारापासून थोडं पुढं एक काळा दगड होता. गुळगुळीत, पालथ्या ताटासारखा. त्याच्या कडेला रानतुळस उगवली होती, तिला मंजिऱ्या आल्या होत्या. त्याहून चांगली जागा मलासुद्धा रचता आली नसती. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं बोट दाखवायचं होतं. तिनं तिथं हात जोडले असते, तुळशीला पाणी घातलं असतं, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत आलो असतो. माझं बोट उठलंसुद्धा होतं.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणालो.

इतके दिवस न वापरलेला आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"विसरलात?"

"बघितलंच नाही. खड्डा बाबालालनं खणला. मी पाठ करून उभा होतो. त्यानंच ठेवली, त्यानंच माती लोटली, त्याच्या पद्धतीनं काहीतरी म्हणाला. एका करंजाच्या बुडाशी होती, एवढं खरं. करंज तर एकही उरलेला नाही."

"बाबालालभाईंना विचारू."

"तो वारला. झाली बरीच वर्षं."

"पण तुम्ही तर पुढं वर्षभर इथंच होता की हो. दर आठवड्याला ह्याच भरावावरून हिंडायचा."

"ह्या काठानं नाही हिंडलो. पुलावरून पलीकडं जायचो, आणि तिकडनं पुढं. बदली होईपर्यंत."

तिनं कालव्याच्या पलीकडच्या काठाकडं बघितलं.

"ह्या दारापासून त्या पुलापर्यंत," मी म्हणालो. "एवढ्यात कुठंतरी. ह्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही."

तिनं पुलापर्यंत नजर टाकली. मग चपला काढल्या, दाराशी नीट जोडून ठेवल्या, आणि चालायला लागली. भराव खडबडीत, उसाचं पाचट पसरलेलं, आणि हिचा उजवा गुडघा घराच्या पायऱ्यांनाही नको म्हणतो. मी हात द्यायला पुढं झालो, तर तिनं मागं न बघताच हातानं थांब म्हटलं. ती काठाकाठानं गेली, सावकाश, एक पाऊल झालं की दुसरं. घाईनं कुठली जागा सुटू नये असं चालणं. पुलाशी पोचली, कठड्याला हात लावला. मग भरावाच्या दुसऱ्या कडेनं, उसाला लागून, तशीच परत आली. कुठंच थांबली नाही. त्या काळ्या दगडापाशीसुद्धा नाही.

परत आली तेव्हा कपाळावर घाम होता. ती दाराच्या कट्ट्यावर बसली आणि तळव्याचा एक काटा काढला.

"बरी जागा आहे," ती म्हणाली. "पाणी आहे जवळ."

मी शेजारी बसलो.

"रडली नव्हती ना हो?"

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"नाही, मालन."

तिनं मान हलवली. पाळी सुटली की हलवते तशी नाही. बाजारात मोड परत घेताना बरोबर आहे म्हणून हलवतात, तशी.

परतीच्या गाडीत खिडकीशी ती बसली. फाटा सुटला, कारखान्याची धुराडी मागं गेली, आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, टेकलीय. मग श्वास ऐकू आला. जड, लांब, अगदी हलका घोरण्याचा. गाडी खड्ड्यातून उसळली तरी मोडला नाही. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं पानाची चंची सोडली, माझ्याकडं झुकून म्हणाला, "काय पाव्हणं, कुठल्या गावचं?" असा आयता श्रोता! मी ओठांवर बोट ठेवलं. त्या रस्त्यावरून त्याआधी कितीदा गेलो असेन, पण किती वळणं आहेत ते मला त्या दिवशी कळलं. खांदा बधिर झाला होता. हलवला नाही.

केंद्रात परत आल्यावर बाईंनी मालनच्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. मला मात्र म्हणाल्या, "अण्णा, तुमचे डोळे का लाल? झोप नाही का?"

"नाही," मी म्हणालो. तेवढंच.

घरी आल्यावर दिवाकरला तिनंच सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभा होतो, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग मी कधी जन्मलो?"

"दुपारी," ती म्हणाली. "ऊन पडलं होतं. तू जन्मलास आणि पुन्हा झोपलास. फार शहाणा होतास."

तो बाहेर आला आणि माझ्या बाजूनं जाऊन अंगणात उभा राहिला. माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मीही गेलो नाही त्याच्याकडं. काहीतरी छान सांगितलं असतं मी.

ह्याला झाली बारा-तेरा वर्षं. आता घरच्या भाजीत मेथीचे दाणे असतात आणि मी ते खातो. मालनला झोप लागते. माझी मात्र पहाटे चारच्या सुमाराला मोडते. कारखाना इथून कोसो दूर, भोंगा काही ऐकू येत नाही. तरी मोडते, आणि मग मी भिंतीला टेकून बसतो.

नात मोठी झालीय. मगरीची गोष्ट ती माझ्याकडून ऐकते. घड्याळ आता मगर किल्ली देऊन परत करते. पण भोंग्याची गोष्ट मागितली की मी तिला आजीकडं पाठवतो. आजीची गोष्ट लहान आहे. दिवाकरही कधीकधी दाराशी उभा राहून ऐकतो. तिच्यात धुकं आहे, गुडघा फुटलेला म्हातारा आहे, नाव न विचारलेली बाई आणि तिचं घोंगडं आहे. एक मुलगी आहे.

मीही आहे. जीपमध्ये पुढच्या सीटवर, पाठमोरा.